एडिंबऱ्याची पत

एडिंबरा म्हटले की पाहुण्याला प्रथम किल्ला दाखवतात. काळ्या खडकावर उभा असलेला तो किल्ला पाहण्याजोगा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने त्या शहरात आठ तास घालवावेत आणि परत येऊन किल्ल्याचे, बॅगपाइपचे आणि धुक्याचेच वर्णन करावे, हे मला आपल्या शाखेला कमीपणा आणणारे वाटते. ज्याला आपण वर्गात 'कॅश क्रेडिट' म्हणतो आणि चार गुणांच्या टीपेत संपवून टाकतो, त्याचा जन्म या शहरात झाला. ज्याच्या नावाने अर्थशास्त्राचे पुस्तक सुरू होते तो ॲडम स्मिथ इथेच चिरविश्रांती घेत आहे. आणि एका बुडालेल्या कंपनीपायी एका राज्याची पार्लमेंट गेली, तीही इथलीच.

मी तिथे कसा पोहोचलो ते थोडक्यात सांगतो. माझे मामा मडगावचे. गेली एकोणीस वर्षे ते प्रवासी जहाजांवर लाँड्रीत काम करतात. गोव्यात अशा माणसाला 'तारवटी' म्हणतात. जहाजावरच्या नोकरांच्या नातेवाइकांना कधीमधी सवलतीत प्रवास करता येतो. मामांना मूलबाळ नाही, म्हणून ती सवलत भाच्याच्या वाट्याला आली. व्हिसासाठी घातलेल्या खेपांची कहाणी लिहिली तर कन्नड विभागाचीही पाने लागतील. असो.

आमचे जहाज फोर्थच्या खाडीत नांगरले. तिथून लहान होडीने साउथ क्वीन्सफेरीच्या धक्क्यावर उतरायचे. धक्का नेमका फोर्थच्या रेल्वे पुलाखाली आहे. १८९० साली खुला झालेला हा तांबड्या पोलादाचा पूल डोक्यावरून जाताना पाहिला की मान आपोआप मागे जाते. त्याच्या शेजारी १९६४ चा झुलता पूल, आणि पलीकडे २०१७ चा तिसरा. एकाच खाडीवर तीन शतकांचे तीन पूल शेजारी शेजारी उभे! पायऱ्या चढून वर डालमेनी स्टेशनवर गेले की वीसेक मिनिटांत गाडी शहराच्या मध्यभागी वेव्हर्ली स्टेशनात पोहोचवते.

मामांना त्या दिवशी चार-पाच तासांची सुटी मिळाली होती. गाडीत त्यांनी खिडकी मला दिली नाही, स्वतःच बसले. मी म्हटले, "मामा, तुम्ही तर इथे सात-आठ वेळा आला आहात ना?"

"आलोय की. पण शहर कुठं बघितलंय? धक्का बघितला. धक्क्यावर फुकट वायफाय कुठं मिळतं ते ठाऊक आहे. घरी फोन लावला, साबण-दाढीचं सामान घेतलं, की वर यायची वेळ."

एकोणीस वर्षांत मामांनी किती बंदरे केली याची गणती नाही, आणि शहरे बोटांवर मोजण्याइतकी पाहिली. हे मला तोवर माहीत नव्हते. आमच्या घरी मामा म्हणजे 'जग पाहिलेला माणूस'.

स्टेशनबाहेर चहा घेतला. सुट्टे म्हणून दहा पौंडांची नोट आली. मामांनी ती उजेडात धरली, उलटसुलट केली आणि मला हळूच विचारले, "खोटी नाही ना रे ही? हिच्यावर राजा नाही, राणी नाही."

नोट खरी होती. फक्त ती बँक ऑफ इंग्लंडची नव्हती, बँक ऑफ स्कॉटलंडची होती. स्कॉटलंडमध्ये आजही तीन व्यापारी बँका स्वतःच्या नावाने नोटा काढतात. नोटा वाटेल तितक्या छापता येत नाहीत, त्यांच्यामागे तारण ठेवावे लागते. मामांच्या हातातल्या नोटेवर चेहरा होता सर वॉल्टर स्कॉटचा. कादंबरीकार नोटेवर कसा आला याचीही एक गोष्ट आहे. १८२६ साली लंडनच्या सरकारने पाच पौंडांखालच्या नोटा बंद करायचे ठरवले. स्कॉटलंडचा सगळा व्यवहार एक पौंडाच्या कागदी नोटेवर चाललेला. स्कॉटने टोपणनावाने वर्तमानपत्रात खरमरीत पत्रे लिहिली आणि सरकारला स्कॉटलंडपुरता तो बेत सोडून द्यावा लागला.

गंमत अशी की त्याच वर्षी हा गृहस्थ स्वतः बुडाला होता. त्याचा छापखाना आणि प्रकाशक दोघेही कोसळले आणि त्याच्या अंगावर सव्वा लाख पौंडांच्या आसपास कर्ज आले. दिवाळे काढून मोकळे होण्याचा मार्ग होता. त्याने तो घेतला नाही. मालमत्ता धनकोंच्या वतीने विश्वस्तांकडे दिली आणि मरेपर्यंत, म्हणजे १८३२ पर्यंत, लिहून लिहून कर्ज फेडत राहिला. जे उरले ते विम्याच्या रकमेतून आणि पुस्तकांच्या हक्कांतून फिटले. प्रिन्सेस स्ट्रीटवर त्याचे एकसष्ट मीटर उंचीचे स्मारक आहे. एवढे उंच स्मारक लेखकाचे आहे की कर्ज फेडणाऱ्याचे, असा प्रश्न मला पडला होता.

किल्ल्याच्या दारापर्यंत आम्ही गेलो. तिकिटाचा दर वाचून दारातूनच परतलो. पण त्या पटांगणावर एक आठवण काढल्यावाचून राहवले नाही. पेशवाईचा मुलूख ताब्यात घेणारा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचे वडील या किल्ल्याचे गव्हर्नर होते आणि त्याचे काही शिक्षण याच शहरात झाले. १८१८ साली आपल्या बेळगावच्या किल्ल्याला वेढा घालणारा टॉमस मन्रो ग्लासगोचा. बखरींवर हात फिरवून मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ हाही स्कॉटच. इतके स्कॉट आपल्याकडे काय करत होते? स्वतःच्या देशात पैसा उरला नव्हता, तेव्हा धाकट्या मुलांना कंपनीच्या नोकरीवर हिंदुस्थानात धाडण्याची रीत पडली, हे त्याचे निदान एक कारण. तो पैसा कुठे गेला, हे समजायला किल्ल्यावरून उतरून रॉयल माइल नावाच्या रस्त्याने खाली यावे लागते.

हा रस्ता किल्ल्यापासून होलीरूडच्या राजवाड्यापर्यंत मैलभर उतरत जातो. दोन्ही अंगांना उंचच उंच दगडी घरे आणि त्यांच्यामधून अंधारी, अरुंद बोळे. सेंट जाइल्सच्या चर्चमागे जुन्या स्कॉटिश पार्लमेंटचा दिवाणखाना अजून उभा आहे. आता तिथे वकील फेऱ्या मारतात. याच पार्लमेंटने १६९५ साली दोन संस्थांना जन्म दिला. एक बँक ऑफ स्कॉटलंड. दुसरी समुद्रापारच्या व्यापारासाठी काढलेली 'कंपनी ऑफ स्कॉटलंड'. लंडनच्या व्यापाऱ्यांनी तिला भांडवल मिळू दिले नाही, तेव्हा स्कॉटलंडच्या लोकांनी ईर्षेने चार लाख पौंडांची वर्गणी आपसांत जमवली. सरदार, वकील, डॉक्टर, विधवा, गावांच्या नगरपालिका, सगळ्यांची नावे त्या वहीत आहेत. १६९८ च्या जुलैत लीथ बंदरातून पाच जहाजे आणि सुमारे बाराशे माणसे निघाली ती पनामाच्या संयोगभूमीवर, डेरियन नावाच्या जागी वसाहत करायला. दोन समुद्रांमधला व्यापार आपल्या हाती येईल ही कल्पना. प्रत्यक्षात हाती आला तो ताप, पाऊस आणि उपासमार. इंग्रजी वसाहतींना मदत न करण्याची आज्ञा होती. पुढे दुसरी तुकडी गेली, तिला स्पॅनिशांनी १७०० साली शरण आणले. दोन्ही मोहिमांत मिळून दोनेक हजार माणसे मेली. कल्पना ज्याची होती त्या विल्यम पॅटरसनची बायकोही तिथेच गेली. हा पॅटरसन बँक ऑफ इंग्लंडच्या संस्थापकांपैकी एक! हिशेब येत असलेला माणूस हिशेबात चुकत नाही, असे कोणी समजू नये.

मग १७०७ साली स्कॉटलंडची पार्लमेंट इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये विलीन झाली. त्या करारात इंग्लंडने ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग देण्याचे कबूल केले. त्यांतूनच डेरियनच्या भागधारकांना मुद्दल व्याजासह परत मिळायचे होते. पैसे गाड्यांतून एडिंबऱ्यात आले तेव्हा जमावाने पोचवणाऱ्यांवर दगड मारले. भागधारक मात्र रांगेत उभे राहिले असणार. मी दोघांनाही दोष देऊ शकत नाही.

हे सगळे मी चालता चालता मामांना सांगत होतो. ते "हूं, हूं" करीत होते, पण ऐकत होते. कारण ॲडम स्मिथच्या पुतळ्यापाशी थांबून त्यांनीच विचारले, "मग पैसा नाही तर पुढे धंदा कसा केला त्यांनी?"

या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच कॅश क्रेडिट. त्या इंग्लंडच्या देण्याचे रोखे ज्यांच्याकडे राहिले, त्यांच्या मंडळीतून १७२७ साली रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड निघाली. पुढच्याच वर्षी या बँकेने विल्यम हॉग नावाच्या व्यापाऱ्याला खात्यात शिल्लक असेल त्याहून हजार पौंड जास्त काढण्याची मुभा दिली. पुढे ही पद्धत सगळीकडे पसरली. जमीन नको, सोने नको. दोन भरवशाचे जामीन आणा, मर्यादेपर्यंत लागेल तेव्हा उचला, जमेल तसे भरा, आणि वापराल तितक्याच रकमेवर व्याज द्या. स्मिथने आपल्या १७७६ च्या ग्रंथात हिचे सविस्तर वर्णन केले आहे. दुकानदाराला पेटीत रोकड अडकवून ठेवावी लागत नाही, म्हणून तो तेवढ्याच भांडवलावर मोठा धंदा करू शकतो, असे त्याचे म्हणणे.

कॅननगेटच्या चर्चच्या आवारात स्मिथची कबर आहे. तो १७९० साली जवळच्याच पॅनम्यूर हाउसमध्ये वारला. मुक्त व्यापाराचा हा पुरस्कर्ता शेवटची बारा वर्षे जकात खात्याचा कमिशनर होता, हे आपल्या पुस्तकांत सहसा नसते. नेमणूक झाल्यावर त्याने बंदी असलेल्या मालाची यादी वाचली तर स्वतःच्याच अंगावरचे गळपट्टे, रुमाल त्या यादीत निघाले. त्याने ते जाळून टाकले. त्याच आवारात रॉबर्ट फर्ग्युसन या कवीची कबर आहे. तिच्यावरचा दगड रॉबर्ट बर्न्सने बसवून घेतला. कारागिराने दगड उभा करायला दोन वर्षे लावली, म्हणून बर्न्सनेही साडेपाच पौंडांचे बिल द्यायला दोन वर्षे लावली!

तिथे बाकावर बसून आम्ही जहाजावरून आणलेला पाव खाल्ला. दोन जामिनांची गोष्ट मामांच्या डोक्यातून गेली नव्हती.

"मलाही दोन जामीन लागले होते," ते म्हणाले. "पहिल्या जहाजावर जायच्या वेळी. ट्रेनिंग, मेडिकल, तिकीट, सगळं मिळून ऐंशी हजार. पतपेढीनं सांगितलं, दोन सह्या आण. एक सही आमच्या वाड्यावरच्या पोदेरानं केली. दुसरी शिंप्यानं."

"मग?"

"मग काय, ते जहाज तीन महिन्यांत बंद पडलं. पगार अडकला. मी परक्या बंदरात. इकडे चार हप्ते शिंप्यानं भरले. तुझ्या आजीला बोलला नाही. मी वर्षानं आलो, पैसे घेऊन गेलो, तर व्याज घेईना." मामा थोडे थांबले. "अजून सुटीवर गेलो की कपडे त्याच्याकडेच टाकतो. डोळे गेलेत बिचाऱ्याचे. एक बाही लांब, एक आखूड."

मामांच्या अंगात तेव्हा तसलाच एक शर्ट होता. मी नीट पाहिले तेव्हा लक्षात आले.

'पत' हा आपला शब्द मला त्या बाकावर नव्याने भेटला. बेळगावात एका पाटीवर 'पतसंस्था' असते आणि शेजारच्या पाटीवर कन्नडमध्ये 'पत्तिन सहकारी संघ'. पाट्यांवरून आपल्याकडे काय काय होते ते वाचकांना सांगायला नको, पण हा शब्द दोन्ही भाषांनी वाटून घेतला आहे. १९०४ च्या कायद्यानंतर देशातली पहिली सहकारी पतसंस्था १९०५ साली आपल्याच बाजूला, गदगजवळच्या कणगिनहाळ गावी निघाली. सिद्धनगौडा पाटील यांनी ती काढली. तिथल्या शेतकऱ्यांनी विल्यम हॉगचे नाव ऐकलेले नसणार.

पत वाढवणारे ती घालवूही शकतात. स्मिथच्या डोळ्यांदेखत १७७२ साली एअर गावच्या बँकेने सढळ हाताने कर्जे वाटली आणि ती बुडाली. तिच्या मोठ्या भागधारकांत स्मिथचा जुना शिष्य होता. आणि ज्या २००८ साली, जुलै महिन्यात, स्मिथचा तो पुतळा हाय स्ट्रीटवर उभा राहिला, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडला वाचवायला सरकारला धावावे लागले. साडेपंचेचाळीस अब्ज पौंड सरकारने घातले. शेवटचा हिस्सा विकून बाहेर पडायला २०२५ चा मे उजाडला, आणि त्यात दहा अब्जांच्या वर तोटाच झाला. तिथे जामीन कोण होते? कर भरणारे. त्यांची सही कोणी विचारली नव्हती.

एक वाजता किल्ल्यावर तोफ झाली. रविवार सोडून रोज होते. १८६१ पासून बंदरातल्या जहाजांना घड्याळ लावता यावे म्हणून. मामांनी सवयीने मनगट पाहिले आणि उठले. तीनला त्यांची ड्यूटी होती. स्टेशनपर्यंत मी सोडायला गेलो. "तू बघ सगळं," ते म्हणाले, "आणि रात्री सांग."

नंतर मी एकटा हिंडलो. नवीन पार्लमेंटच्या दारावर इंग्रजी आणि गेलिक अशा दोन भाषांत नाव आहे. पार्लमेंट १९९९ साली परत आली, इमारत २००४ ची. बाहेरून मला फारशी आवडली नाही. मग चेंबर्स स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेलो. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. तिथे डेरियन कंपनीची पैशांची लोखंडी पेटी ठेवली आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला कुलपाची यंत्रणा इतकी नक्षीदार आणि गुंतागुंतीची आहे की पाहतच राहावे. मी तिच्यासमोर बराच वेळ उभा होतो.

रात्री साडेदहाला मामा लाँड्रीतून सुटले. हाताला गरम इस्त्रीचा वास येत होता.

"काय बघितलंस मग?"

मी पेटीचे सांगितले.

"आत काय होतं?"

"काही नाही, मामा. रिकामी आहे."

"आणि कुलूप?"

"कुलूप एकदम भारी आहे."

मामा मोठ्याने हसले आणि झोपायला गेले. सकाळी पाचला त्यांना पुन्हा उठायचे होते.