खारपाणपट्ट्यातली मंडळी हाउराकीच्या आखातात

शिडाच्या बोटीवर नळ सोडून दात घासणाऱ्या पोरांचा प्रस्तुत लेखकाला भारी राग येतो. पोरं त्याचीच असल्याने तो गिळावा लागतो, हा भाग वेगळा. बोटीच्या टाकीत मोजकंच गोडं पाणी असतं, आणि रांगितोतोसारख्या बेटावर ना ओढा, ना झरा. ऑकलंडात जन्मलेल्यांना हे दर उन्हाळ्यात नव्याने समजवावं लागतं. दिवाळीच्या सुट्टीत अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्याहून आलेल्या आई, दादा, वहिनी आणि दोन पोट्ट्यांना मात्र एकदाही सांगावं लागलं नाही.

ऑकलंडच्या वेस्टहेवन धक्क्यावरून हाउराकीच्या आखातात बोट सुटली तेव्हा दादांचं अर्धं लक्ष घरच्या कपाशीत होतं. वेचणी तोंडावर, मजूर मिळेनात. बंदराबाहेर वाऱ्याने बोट कलली तशी आईने शिडाची दोरीच धरली. "उलटते काय रे हे?" बोटीच्या पोटाखाली शिशाचं किंवा लोखंडाचं वजन असतं, ते तिला सरळ करू पाहतं, हे सांगून झालं. न्यूझीलंडमध्ये हौशी बोट चालवायला लायसन लागत नाही, हे मात्र तिला सांगितलं नाही.

पहिलं जेवण झालं आणि भांडी निघाली. वहिनींनी न विचारता बादली दोरीने समुद्रात सोडली, खाऱ्या पाण्याने ताटं घासली आणि शेवटी पेलाभर गोड्या पाण्यात विसळली. मुरलेले दर्यावर्दी हेच करतात. वहिनी हे माहेरी शिकल्या. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलडाण्यात पसरलेला खारपाणपट्टा म्हणजे विहिरीला पाणी आहे आणि तरी पाणी नाही, असा मुलूख. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पिकाला दिलं तर जमीन कडक होते. म्हणून घरात पाण्याच्या दोन जाती: प्यायचं वेगळं, वापरायचं वेगळं. सातपुड्याच्या पायथ्याशी वान नदीवर धरण झालं, नळाला गोडं पाणी आलं, पण हाताची सवय गेली नाही. बोटीवरचा संसार तोच. चहूकडे पाणी, प्यायला टाकीतलं. ऑकलंडची पोरं आजीकडे बघत राहिली. "पाणी असं सांडू नको रे पोट्ट्या, विहीर हाये काय इथं?" हा दम बापाच्या दहा भाषणांहून जास्त लागू पडला. (लेखकाचं मत विचाराल तर इथल्या प्रत्येक नौकानयन वर्गाने शिकवायला एक वऱ्हाडी आजी ठेवावी.)

रांगितोतोवर दादा पहिल्यांदा कपाशी विसरले. हे बेट समुद्रातून वर आलं त्याला जेमतेम सहाशे वर्षं झाली; काळा, धारदार लाव्हा अजून तसाच पडला आहे. आपली काळी जमीनही मुळात लाव्ह्याच्याच खडकाची, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथे मातीच तयार व्हायची आहे, तरी फटीफटीतून पोहुतुकावाची झाडं उभी. दादांनी एक दगड उचलून पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाले, "याले अजून लय पावसाळे लागतीन."

मोतुइहे बेटावर पोट्ट्यांना गोष्ट मिळाली. पहिल्या महायुद्धात इथे कैदेत असलेला फेलिक्स फॉन लुकनर हा जर्मन नौदल अधिकारी डिसेंबर 1917 मध्ये थेट छावणीप्रमुखाची मोटरबोट घेऊन पळाला. पुढे त्याने शिडाची मालवाहू बोट पळवली आणि दूर केरमाडेक बेटांपाशी पकडला गेला. दोन दिवस आमच्या बोटीवर सगळेच लुकनर होते.

आता जोड्यांविषयी. बेटावर उतरण्याआधी प्रत्येक पिशवी उघडून उंदीर, मुंग्या, बी-बियाणं बघायचं, डबे घट्ट लावायचे, तळव्याची माती ब्रशने काढायची. वहिनींना हे झोंबलं. "आमच्या जोड्यांले काय रोग लागला काय?" रोगाचा प्रश्न जोड्यांचा नाही, बेटांचा आहे. रांगितोतो आणि शेजारचं मोतुतापू 2011 मध्ये उंदीर-मांजरं, हेजहॉगसकट सगळ्या उपद्रवी जनावरांपासून मुक्त जाहीर झाली, तेव्हा कुठे ताकाहेसारखे न उडणारे पक्षी तिथे सोडता आले. एक गाभण उंदरीण डब्यातून उतरली की सगळं मुसळ केरात. नांगराचंही तसंच: कॉलेर्पा नावाचं परकं शेवाळ 2021 मध्ये ग्रेट बॅरिअर बेटाजवळ सापडलं, ते नांगर-साखळीला चिकटून पसरतं, म्हणून काही खाड्यांत नांगर टाकायलाच बंदी आहे.

हे सगळं योग्यच. पण जोरदार पाऊस झाला की याच ऑकलंड शहराच्या जुन्या वस्त्यांतलं सांडपाणी समुद्रात जातं, आणि पाहुण्याच्या बुटातल्या कुसळाकडे दुर्बिणीतून पाहणाऱ्या गावाला हे शोभत नाही. ते थांबावं म्हणून मोठा बोगदा खणला गेला, हेही नोंदवायला हवं.

इकडे येणाऱ्यांनी एवढं करावं: शेतात घातलेले जोडे घरूनच घासून, धुऊन, वाळवून आणावेत. मेथीदाणे, जवसाची चटणी, लोणचं, जे काही खायचं असेल ते प्रवेशाच्या घोषणापत्रात बिनदिक्कत लिहावं. लिहिलेलं फार तर काढून घेतील. लपवलेलं सापडलं तर जागेवर 400 डॉलर दंड आहे, म्हणजे वीस हजार रुपयांच्या आसपास.