लॉस गॅटोस येथील वृद्धनिवास

कॅलिफोर्नियांतील सॅन होजे शहराच्या नैर्ऋत्येस, सांताक्रूझ डोंगराच्या पायथ्याशीं लॉस गॅटोस नांवाचें टुमदार गांव आहे. स्पॅनिश भाषेंत या नांवाचा अर्थ ‘मांजरें’. ज्या खोऱ्यांत आज संगणकाचा उद्योग नांदतो, तेथें शंभर वर्षांपूर्वीं जर्दाळू व प्रून यांच्या बागा मैलोगणती पसरल्या होत्या. आतां त्यांचे तुरळक अवशेष उरले आहेत. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें याच खोऱ्यांत चाकरीस असतील.

सन २०२५ च्या आश्विनांत चिरंजीवांकडे गेलों असतां आम्हीं येथील एक वृद्धनिवास पाहिला. दिवाणखान्यांत सातआठ वृद्ध खुर्च्यांवर बसले होते व प्रत्येकाच्या डोळ्यांवर पेटीसारखा चष्मा होता. यास व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणतात. दोन डोळ्यांस किंचित् भिन्न चित्रें दाखविलीं कीं दृश्यास खोली येते, हें व्हीटस्टननें १८३८ मध्येंच दाखवून दिलें होतें. मान वळवितांच चित्रही वळावें, ही सोय सदरलंडनें १९६८ मध्यें साधली. संजयाची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसास याचें फारसें नवल वाटूं नये!

परिचारिका हातांतील टॅब्लेटवरून सर्वांस एकच दृश्य दाखवीत होती. प्रथम व्हेनिसचे कालवे आले. नौका वळतांच एका आजोबांस मळमळूं लागलें. डोळे गति सांगतात आणि अंतःकर्ण स्थैर्य सांगतो, त्या विसंवादाचा हा परिणाम. तिनें तत्काळ त्यांचा चष्मा काढला.

आईबापांकडे येण्यास सवड नाहीं, म्हणून तर ही पेटी आणली नसेल ना, ही शंका आम्हांस सारखी टोंचत होती. मुलें किती वेळां येतात, असें आम्हीं विचारलें. “कांहींचीं दर रविवारीं, कांहींचीं नाताळांत,” परिचारिका शांतपणें म्हणाली.

मग एक फळबाग आली. नव्वदीच्या एका बाईंनीं हात पुढें केला व त्या म्हणाल्या, “फांद्या फार उंच वाढूं दिल्या आहेत यांनीं.” बालपणीं याच खोऱ्यांत त्या सुटींत जर्दाळू चिरून वाळवणाच्या लांकडी ताटांवर मांडीत असत. दोन वर्षें एकाच मेजावर जेवणाऱ्या त्यांच्या शेजारणीसही हें ठाऊक नव्हतें! चष्मे उतरले, पेट्या कपाटांत गेल्या, तरी सर्वजण त्यांच्याभोंवतीं बसून होते. सुरी कशी धरावी, बी कशी उडवावी, हें त्या रिकाम्या हातांनीं दाखवीत होत्या. मळमळलेले आजोबा सर्वांत पुढें होते.