डोंगरवाटेवरच्या साखरेच्या तीन पुड्या



आजचा लेख रक्तातली साखर कमी होण्याबद्दल, म्हणजे हायपोग्लायसेमियाबद्दल आहे. यातला पेशंट माझ्या घरचाच आहे आणि चूक माझी आहे. ह्यांची परवानगी घेऊनच लिहिते आहे.

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण दवाखाना बंद ठेवून सलग दहा दिवस आम्ही दोघं कधी बाहेर पडलो नव्हतो. या मे महिन्यात पडलो. इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर चिंक्वे तेर्रे नावाचा भाग आहे. मोंतेरोसो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही पाच गावं समुद्रालगतच्या कड्यांवर वसलेली आहेत. १९९७ पासून हा भाग जागतिक वारसा यादीत आहे. एका गावातून दुसऱ्या गावात रेल्वेने काही मिनिटांत जाता येतं, नाहीतर डोंगराच्या अंगाने पायवाट आहे. चालायचं आणि खायचं, एवढाच आमचा बेत होता.

ह्यांचं वय ५८. मधुमेह अकरा वर्षांचा, तोही चांगला आटोक्यात. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या चालू आहेत. गोळ्यांचे डबे मीच भरले होते आणि त्याबद्दल मला थोडा अभिमानही होता.

पहिल्या संध्याकाळी आम्ही मोंतेरोसोत त्रोफिए खाल्ले. हा हाताने वळलेला छोटा पास्ता. त्यावर पेस्तो, म्हणजे तुळशीच्याच जातीतल्या बेझिलची पानं, लसूण, चिलगोज्यासारख्या बिया, चीज आणि ऑलिव्ह तेल वाटून केलेली हिरवी चटणी. त्यातच बटाट्याचे तुकडे आणि फरसबी. पास्त्यात बटाटा पाहून माझ्या कपाळावर आठी आली. ह्यांनी ती पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला गोड क्रोसाँ आणि ब्रेड होता. ह्यांनी दोन्ही बाजूला सारलं, एक उकडलेलं अंडं खाल्लं, काळी कॉफी घेतली आणि नेहमीच्या गोळ्या घेतल्या. मी म्हटलं, "शहाणे झालात हो!" मग कॉफीबरोबर आलेल्या साखरेच्या पुड्या ह्यांनी सवयीप्रमाणे खिशात टाकल्या, तेव्हा रागावले. "अहो, घरी काय साखर मिळत नाही का?"

मोंतेरोसो ते वेर्नात्सा ही वाट जेमतेम साडेतीन किलोमीटरची, पण तिला दोन तास लागतात. सुरुवातीलाच दगडी पायऱ्यांची खडी चढण आहे. डावीकडे द्राक्षांचे आणि लिंबांचे टप्पे, उजवीकडे खाली समुद्र. काही ठिकाणी वाट इतकी अरुंद की समोरून कोणी आलं तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं.

तासाभराने हे चिडचिड करू लागले. "किती फोटो काढतेस?", "पाणी कुठे ठेवलंस?", "पुढे जा ना तू!" सत्तावीस वर्षांच्या अनुभवावरून मी निदान केलं, स्वभाव. मलाही राग आला आणि मी खरंच पुढे निघून गेले. पाचेक मिनिटांनी मागे वळून पाहिलं तर हे दिसेनात.

परत आले तेव्हा हे एका दगडी बांधावर बसले होते. शर्ट घामाने भिजलेला होता. बॅगेची चेन उघडायचा प्रयत्न चालला होता, पण बोटं नीट चालत नव्हती. मी विचारलं, "काय होतंय?" उत्तर आलं, पण शब्द जड होते. दोन पावलांवर वाटेची कड होती. ग्लुकोमीटरवर आकडा आला ५२.

माझ्या बॅगेत काय होतं? बदाम आणि अक्रोड. अशा वेळी सुक्या मेव्याचा उपयोग नसतो, कारण त्यातून साखर फार हळू मिळते. चॉकलेटही त्यातल्या चरबीमुळे हळूच पचतं. मग मला ह्यांचा खिसा आठवला. तीन पुड्या, प्रत्येकी साधारण ५ ग्रॅम. पाण्यात विरघळवून पाजल्या. पंधरा मिनिटांनी आकडा ८१. मग बरोबर घेतलेला फोकाच्चा, म्हणजे ऑलिव्ह तेलातला जाड पाव, खायला दिला. अर्धा तास बसलो, पुन्हा साखर तपासली आणि सावकाश वेर्नात्साला उतरलो. परत येताना रेल्वे घेतली.

असं का झालं? ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, हे ती पाहत नाही. एरवी माणूस चालू लागला की शरीर इन्सुलिन कमी करतं, कारण स्नायू स्वतःच रक्तातली साखर खेचत असतात. गोळीमुळे ते पुरेसं कमी होत नाही. त्यात नाश्त्याला धान्याचा कणही नाही. म्हणजे खर्च दुप्पट आणि जमा शून्य.

माझ्या लक्षात का आलं नाही? घाम आणि धडधड ही पहिली लक्षणं, पण चढणीवर सगळ्यांनाच घाम येतो. मेंदूला साखर कमी पडली की पुढची लक्षणं येतात: चिडचिड, गोंधळ, जड जीभ. जवळच्या माणसाची चिडचिड आपण लक्षण म्हणून पाहतच नाही.

त्या रात्री हे म्हणाले, "अगं, अकरा वर्षं तू मला काय खायचं नाही ते सांगितलंस. साखर उतरली तर काय करायचं, ते एकदाही नाही सांगितलंस." मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

पुढचे दिवस आम्ही वेगळ्या पद्धतीने घालवले. चालायच्या सकाळी ग्लिमेपिराइड कमी केली, नाश्त्याला ब्रेड घेतला, निघण्यापूर्वी आणि झोपताना साखर तपासली. झोपताना अशासाठी की मोठ्या व्यायामानंतर स्नायू तासन्‌तास साखर ओढत राहतात आणि ती रात्रीही उतरू शकते. कोर्निल्याच्या स्टेशनपासून गावापर्यंतच्या पावणेचारशेहून जास्त पायऱ्याही चढलो. फारिनाता खाल्ला. हरभऱ्याच्या पिठाचं हे भट्टीत भाजलेलं धिरडंच! बटाट्याचा पास्ता पुन्हा मागवला, जेवणानंतर गावातून फेरी मारली, आणि दोन तासांनी ह्यांची साखर होती १४८.

यावरून लगेच ऑलिव्ह तेलाची बाटली आणायला धावू नका. त्या उतारांवर चुना-सिमेंटशिवाय रचलेले बांध आहेत. ते रचणारी आणि द्राक्षांचं ओझं पाठीवर वाहणारी माणसं हे अन्न खात होती. ताट आणि पाय यांचा हिशोब एकत्रच मांडावा लागतो.

तुम्ही इटलीला जा, वारीला जा नाहीतर राजगडावर. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असतील, तर एवढं लक्षात ठेवा:

• निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, "जास्त चालायच्या दिवशी डोस किती घेऊ?" स्वतःच्या मनाने बदलू नका. एकादशीचा उपवास आणि पायी चाल एकाच दिवशी असेल तर नक्की विचारा.

• साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमी असेल तर पुन्हा द्या. मग काहीतरी खा.

• व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर नेहमीची साखर लवकर काम करत नाही. ग्लुकोज पावडरच जवळ ठेवा.

• रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे धडधड आणि थरथर जाणवत नाही. तेव्हा घामाकडे लक्ष द्या.

• माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. ताबडतोब मदत बोलवा.

• बरोबरच्या माणसाला हे सगळं आधी सांगून ठेवा.

आणि तुमचं माणूस चालता चालता विनाकारण चिडलं, तर रागावून पुढे जाऊ नका. थांबा, साखर तपासा. आकडा नॉर्मल आला तर मग खुशाल भांडा.

ह्यांच्या खिशातल्या पुड्यांवरून मी आता काही बोलत नाही. माझ्या पर्समध्येही चार असतात.