लक्ष्मीबाई सापडत नाहीत!

मित्रांनो, आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. गंमत म्हणजे हा लेख ऱ्हस्व-दीर्घाबद्दलच आहे.

मागच्या सेमला आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाचन बंद. फोनवर म्हणाली, "रोज रात्री दोन पानं वाचून दाखव. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आण." टिळक म्हटल्यावर मला 'केसरी'वालेच आठवले. त्यावर आजी जे बोलली ते इथे छापता येणार नाही! या लक्ष्मीबाई म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या पत्नी. पुस्तकाचा पहिला भाग आला १९३४ साली.

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत थर्मोडायनॅमिक्स ढीगभर, लक्ष्मीबाई नाहीत. म्हणून एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाची साइट उघडली. (कुठल्या ते विचारू नका.) पहिल्याच पानावर दीपप्रज्वलनाचा फोटो, खाली 'आमचे व्हिजन', त्याखाली पळणारी अक्षरं. पुस्तक शोधायचं कुठे? एक लिंक होती, 'ओपॅक'. रूममेट म्हणाली, पॅकिंगचं डिपार्टमेंट असेल. तर ओपॅक म्हणजे 'ऑनलाइन पब्लिक ॲक्सेस कॅटलॉग'. मग सरळ 'पुस्तक शोधा' असं लिहा ना! जुन्या प्रश्नपत्रिका, ज्यांच्यासाठी अख्खं हॉस्टेल परीक्षेच्या आदल्या रात्री जागतं, त्या 'इन्स्टिट्यूशनल रिपॉझिटरी'च्या पोटात. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहून ठेवले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन असतो, त्यांच्या फोटोला हार घातला जातो. हार घालून झाला की त्याच साइटवर एक मराठी पुस्तक शोधून बघावं.

मी शोधलं. देवनागरीत 'स्मृतीचित्रे' टाइप केलं. शून्य रिझल्ट. रोमन लिपीत एकदा 'यू' घालून, एकदा 'आय' घालून. शून्य, शून्य.

आजीला सांगून टाकलं, तिथे नाहीये. ती जरा वेळ गप्प बसली. मागे कळंबोली सर्कलच्या ट्रेलरचे हॉर्न चालू होते, मला वाटलं लाइन कट झाली. मग म्हणाली, "एवढं मोठं विद्यापीठ, आणि लक्ष्मीबाई नाहीत?" मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर मी स्क्रीनवरच्या शून्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

आमच्या लायब्ररीतल्या काकांनी मात्र ठेवला नाही. त्यांनी तिथे फोन लावला. तीन प्रती आहेत, कपाटात! मी 'ती' दीर्घ काढली होती, पुस्तकाच्या नावात ती ऱ्हस्व आहे. आणि रोमनमध्ये ग्रंथालयांची लिप्यंतराची वेगळीच पद्धत. त्यात 'च'साठी नुसतं 'सी', आणि 'ऋ'साठी 'आर'च्या खाली खूण. 'चित्रे'चं झालं 'सित्रे'! असं कोण टाइप करणार? कॉन्व्हेंटवाली तर नाहीच, पण माझी आजीही नाही.

कॉम्प्युटरची स्टुडंट म्हणून मला याचा जास्तच राग आला, कारण हे काही चंद्रावर जाण्याइतकं अवघड नाही. स्पेलिंग वेगळं पण उच्चार सारखा अशी आडनावं एकत्र सापडावीत म्हणून 'साउंडेक्स' पद्धतीचं पेटंट अमेरिकेत १९१८ साली घेतलं गेलं. तेव्हा कॉम्प्युटर कुठे होते? दोन शब्दांत किती अक्षरांचा फरक आहे ते मोजायची रीत लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ मध्ये मांडली. आपण ती असाइनमेंटमध्ये लिहितो, दहा मार्क घेतो, विसरतो. 'ति' आणि 'ती' यांच्यात फरक फक्त एका वेलांटीचा. तेवढ्यासाठी शून्य दाखवण्याऐवजी 'तुम्हाला हे हवंय का?' एवढं तरी विचारावं. मी हाच विषय मिनी प्रोजेक्टला दिलाय. सरांनी विचारलं, "मराठी पुस्तकं? स्कोप काय?" मी आजीचं नाव सांगितलं नाही, लेव्हेनश्टाइनचं सांगितलं. चालून गेलं.

पुस्तक काकांच्या चिठ्ठीवर मिळालं. रोज साडेनऊला मी वाचते, आजी उच्चार सुधारते, रूममेट ऐकत नसल्याचं नाटक करते. दोन पानांची हल्ली सहा होतात, तरी अर्धंही झालं नाही आणि मुदत शुक्रवारी संपतेय. ती वाढवायची सोय साइटवरच आहे म्हणे. कोणाला लिंक सापडली तर प्लीज कळवा, लेडीज हॉस्टेल, दुसरा मजला.