ऱ्होनच्या दारांपाशी

सातारा

तीर्थस्वरूप मामांस,


स्वित्झर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, लेमाँ सरोवरातून ऱ्होन नदी जेथे बाहेर पडते त्या मुखावरच जिनिव्हा वसलेले आहे. त्याचा विमानतळ शहराच्या मध्यापासून जेमतेम चार-पाच किलोमीटरवर असल्यामुळे, विमानतळाजवळ उतरलेला प्रवासी शहराला पारखा होतो ही मुंबईच्या अनुभवावरून होणारी समजूत तेथे खरी ठरत नाही. विमानतळाला लागूनच रेल्वे स्थानक असून तेथून सुमारे सात मिनिटांत गाडी कॉर्नाव्हाँ या मुख्य स्थानकात पोचते. शिवाय जिनिव्हा कँटनमधील, म्हणजे स्वतःचे विधिमंडळ आणि कायदे असलेल्या त्या घटक राज्यातील, हॉटेलांच्या पाहुण्यांना मुक्कामापुरता मोफत प्रवासाचा पास मिळतो आणि त्यावर बस, ट्राम, शहरातील रेल्वे व सरोवरावरच्या लहान पिवळ्या होड्या असे सारे चालते. सावधगिरी एकाच बाबतीत हवी: विमानतळाच्या कुंपणापलीकडे लगेच फ्रान्सची हद्द लागते आणि फेर्ने-व्होल्तेरसारख्या गावांतील हॉटेले स्वस्त दिसली, तरी ती या कँटनबाहेर असल्याने हा पास तेथे मिळत नाही.

बहुतेक प्रवासी सरोवरातून 140 मीटर उंच उसळणारे कारंजे पाहून परततात. ते पाहण्याजोगे आहेच. परंतु त्याचा उगम सौंदर्यदृष्टीत नसून पाण्याच्या कारभारात आहे, आणि आपल्यासारख्या सांगलीच्या रहिवाशाने जिनिव्हात पाहावे ते हा कारभारच. 1886 मध्ये ऱ्होनच्या प्रवाहावर चालणारे पंपगृह सुरू झाले, तेव्हा नळांतील दाबाचे पाणी कारागिरांची यंत्रेही फिरवीत असे. संध्याकाळी कारखाने बंद झाले की दाब अचानक वाढे, म्हणून जास्तीचे पाणी आकाशात सोडून देण्याची झडप बसवावी लागली. ही झडप लोकांना इतकी आवडली की 1891 मध्ये कारंजे म्हणून ती सरोवराच्या तोंडाशी नव्याने उभारली गेली.

माँ ब्लाँ पुलावरून नदीच्या ओघाबरोबर पायी निघाल्यास रूसोच्या नावाचे बेट मागे पडते आणि थोड्याच अंतरावर पाँ द ला माशीन, म्हणजे यंत्राचा पूल, लागतो. सरोवराची पातळी राखण्यासाठी उघडझाप करता येणारी दारे या ठिकाणी 1995 पर्यंत वापरात होती. त्यानंतर हे काम आणखी खालच्या अंगाला बांधलेल्या स्यूजे बंधाऱ्याकडे गेले. या दारांमागे एक मोठा तंटा होता. सरोवराच्या वरच्या काठावरील व्हो कँटनची तक्रार अशी की, जिनिव्हाने पंपांसाठी व गिरण्यांसाठी नदीचे तोंड आवळल्यामुळे सरोवर फुगते आणि काठावरची शेते व घरे पाण्याखाली जातात. हा वाद देशाच्या संघीय न्यायालयापर्यंत गेला, आणि अखेर 1884 मध्ये व्हो, व्हाले व जिनिव्हा या तीन कँटनांनी करार करून सरोवराची पातळी कोणत्या मर्यादांत ठेवायची हे लेखी ठरविले.

महाबळेश्वरी उगम पावून, संगम माहुलीस वेण्णेला आणि कराडास कोयनेला पोटात घेऊन सांगलीस येणाऱ्या कृष्णेच्या काठी हा तंटा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. 1929 मध्ये खुल्या झालेल्या सांगलीच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी 45 फूट असताना ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. कर्नाटकातील अलमट्टी धरणाची पाणीपातळी 519.6 मीटरवरून 524.256 मीटरपर्यंत नेण्यास कृष्णा पाणी तंटा लवादाने 2010 मध्ये मान्यता दिली असल्याने, धरणाच्या फुगवट्याची, म्हणजे साठ्यामुळे वरच्या अंगाला तुंबणाऱ्या पाण्याची, भीती सांगलीत दर पावसाळ्यात नव्याने जागी होते. ही तुलना मात्र ताणू नये. लेमाँचे सुमारे 580 चौरस किलोमीटरचे पात्र पाणी सावकाश पोटात घेते, तर कृष्णेला तशी उसंत मिळत नाही, आणि पावसाचा, पूररेषेतील बांधकामांचा व धरणाचा वाटा निरनिराळा मोजल्याखेरीज कोणाचा दोष किती हे सांगता येत नाही. तरीही लेमाँच्या वरच्या आणि खालच्या काठाने एकाच करारावर सह्या केल्या, आणि तो करार सव्वाशे वर्षांहून अधिक काळ नदीच्या दारांवर प्रत्यक्ष पाळला जातो, ही गोष्ट सांगलीच्या माणसाने डोळ्यांनी पाहून यावी अशी आहे.

सरोवराच्या पश्चिम काठावरच जागतिक व्यापार संघटनेचे मुख्यालय आहे. उसाच्या हमीभावासह भारताच्या साखरविषयक धोरणांविरुद्ध ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांनी आणलेल्या तंट्यात तेथील पॅनेलने डिसेंबर 2021 मध्ये भारताविरुद्ध निर्णय दिला. भारताने अपील केले असले, तरी ते ऐकणारे मंडळ सदस्यांअभावी 2019 च्या अखेरीपासूनच ठप्प आहे. आपल्यासारख्या ऊस पिकविणाऱ्या घरातील माणसाने ती इमारत निदान बाहेरून पाहावी.

स्यूजे बंधाऱ्यापासून नदीच्या काठाकाठाने आणखी पुढे गेल्यास ला जाँक्स्यों हा संगम येतो. तेथे सरोवरात गाळ टाकून निवळलेली निळी ऱ्होन आणि माँ ब्लाँ पर्वताच्या हिमनद्यांचा गाळ घेऊन आलेली अर्व्ह बरेच अंतर एकमेकींत न मिसळता शेजारून वाहतात. कराडचा प्रीतिसंगम पाहिलेल्याला तेथे तासभर सहज थांबावेसे वाटेल. जाण्याचा काळ निवडता येत असेल तर एप्रिल बरा, कारण उन्हाळ्यात वितळणाऱ्या बर्फाला जागा राहावी म्हणून सरोवर त्या सुमारास सुमारे अर्धा मीटर उतरविलेले असते आणि काठाच्या भिंतींवर पाण्याच्या नेहमीच्या पातळीची रेघ स्पष्ट दिसते. मामींच्या गुडघ्यांचा विचार करता कॉर्नाव्हाँहून सरोवरापर्यंतचा उतार पायी व परतीचा चढ बसने करणे सोयीचे होईल.



आपला आज्ञाधारक,
भाचा