मोसंबीच्या बागेतील हजेरी

जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगी, बदनापूर या तालुक्यांतील मोसंबीच्या बागांना आंबे बहारासाठी ताण देण्याचे दिवस जवळ आले, की मातीतील ओल मोजणाऱ्या सेन्सरांविषयीची माझी चिंता वाढू लागते. कारण पाणी तोडल्यावर जमीन कोरडी होत जाणे हेच तेव्हा अपेक्षित असते, आणि एरवी जे आकडे धोक्याचे ठरले असते तेच आता सुचिन्ह म्हणून वाचले जातात. अशा वेळी सेन्सर बंद पडला आणि त्याचा अखेरचा आकडा मोबाईलवर तसाच राहिला, तर ताण बेसुमार लांबतो. आणि 2012-13 च्या दुष्काळात उभ्या बागा वाळताना ज्यांनी पाहिल्या, त्यांना झाड गमावणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

मोठ्या संगणकजाळ्यांच्या देखरेखीचा शिरस्ता निराळा आहे. 1988 साली पुढे आलेल्या एसएनएमपी पद्धतीत मध्यवर्ती संगणक यंत्रांना वरचेवर प्रश्न विचारतो व ती जबाब देतात. परंतु 2014 च्या आरएफसी 7228 या दस्तऐवजाने ज्या तुटपुंज्या सामर्थ्याच्या यंत्रांची प्रतवारी लावली, त्यांतील मधल्या वर्गापाशी सुमारे 10 किलोबाइट स्मृती आणि आज्ञावलीसाठी 100 किलोबाइट जागा असते. शिवाय बागेतील यंत्राचा बहुतेक काळ निद्रेत जातो. अशा यंत्रांसाठीच्या लोरावॅन या रेडिओ जाळ्यात सर्वांत संथ गतीला एका संदेशात 51 बाइटच मावतात, तेवढे पाठविण्यास दोन-तीन सेकंद लागतात, आणि त्या अवधीत बॅटरीवर पडणारा भार निद्रेतील खर्चाच्या कित्येक पटींनी अधिक असतो. म्हणून यंत्रास प्रश्न विचारू नयेत, ते आपणहून जे पाठविते त्यावरूनच त्याची प्रकृती ओळखावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रत्येक संदेशावर चढता क्रमांक असतो. 412 नंतर 415 आला, तर मधले दोन वाटेत हरवले, हे यंत्रावर कसलाही बोजा न टाकता कळते. क्रमांक पुन्हा शून्यापासून सुरू झाला, तर यंत्र मध्येच बंद पडून पुन्हा उठले असावे, आणि हे थंडीच्या पहाटे वारंवार घडत असेल, तर बॅटरी उतरत चालली आहे असे मी धरतो. संदेश किती क्षीण होऊन पोहोचला याची नोंद ते संदेश झेलून पुढे धाडणारा गेटवे स्वतःच ठेवतो. एकच यंत्र गप्प झाले तर बागेत जावे. सारीच एकदम गप्प झाली तर आधी गेटवेची वीज पाहावी, कारण भारनियमनाच्या वेळापत्रकाशी हे मौन पुष्कळदा तंतोतंत जुळते. ठरलेल्या मुदतीत नवा संदेश न आल्यास जुना आकडा पडद्यावरून काढलाच पाहिजे. रिकाम्या चौकटीने ग्राहक बिचकतो, हा विक्रेत्यांचा युक्तिवाद मला मान्य नाही.

सर्वांत कठीण प्रसंग मात्र तो, ज्यात क्रमांक अखंड, संदेश सुस्पष्ट, बॅटरी भरलेली, आणि तरीही आकडा खोटा असतो. ताणात काळ्या जमिनीला भेगा पडतात, सेन्सरच्या सळ्यांभोवती हवा शिरते, आणि यंत्र प्रामाणिकपणे त्या हवेचाच कोरडेपणा कळविते. त्याची खूण एकच: माती हळूहळू वाळते, तर भेगेतला आकडा एका संदेशातून दुसऱ्यात एकदम कोसळतो. असा उतार दिसला, की मी बागाइतदारांना फोन करून सळ्या उपसून शेजारी अभंग जमिनीत नव्याने रोवण्यास, आणि पुढचे आकडे स्थिरावेपर्यंत त्या सेन्सरवर विसंबून पाणी सोडण्याचा निर्णय न घेण्यास सांगतो.