आदिलशहाचा वाडा आणि मामांची खिडकी

पणजीला मांडवीकाठच्या रस्त्यावर एक लांबलचक, कौलारू, दुमजली इमारत आहे. प्रवासी तिच्या शेजारच्या आबे फारियाच्या पुतळ्यापाशी फोटो काढतात आणि पुढे जातात. (पुतळा १९४५ सालचा, घडवणारे रामचंद्र पांडुरंग कामत आपल्या मडकईचे, हे किती जणांना ठाऊक असते?) आम्हीही तसेच गेलो असतो, पण या खेपेस बरोबर मामा-मामी होते.

वाडा मूळचा विजापूरच्या आदिलशहाचा. १५१० साली आल्बुकेर्कने गोवा घेतला, त्यात हाही गेला. पुढे लिस्बनहून आलेला नवा व्हाइसरॉय जुन्या गोव्यात वाजतगाजत शिरण्याआधी इथे मुक्काम करी. मग जुन्या गोव्यात रोगराईने माणूस टिकेना, तेव्हा १७५९ मध्ये व्हाइसरॉयसाहेबांनी बिऱ्हाडच इथे आणले. १९१८ साली बडे साहेब काबोला राहायला गेले आणि वाड्यात उरल्या कचेऱ्या. मुक्तीनंतर सचिवालय इथेच, विधानसभाही इथेच. भाऊसाहेब बांदोडकरांनी कारभार हाकला तो इथून, आणि १९८७ चा राजभाषा कायदा झाला तोही इथेच. २००० साली विधानसभा पर्वरीला गेली. हल्ली इथे प्रदर्शने भरतात.

मामा इथे पस्तीस वर्षे कारकून. पोर्तुगीज वाचता येई, म्हणून जुन्या फाइली त्यांच्याच गळ्यात. मामींनी मात्र ही कचेरी आतून कधी पाहिली नव्हती.

भिंतींवरच्या चित्रांकडे मामांनी ढुंकूनही पाहिले नाही. काठी टेकीत ते जिना चढले आणि थेट एका खिडकीशी जाऊन उभे राहिले. "इथं माझं टेबल."

मामी पुढे झाल्या. खाली मांडवी, तिच्यात कॅसिनोच्या बोटी आणि पलीकडे बेती. फेरीबोट नुकतीच सुटत होती.

"अगोबाई, इथून आपला धक्का दिसतो की हो!"

"दिसतो."

"१९८६ च्या पावसात पूल पडला, तेव्हा रोज संध्याकाळी छत्री घेऊन मी तिथं उभी असायची. तेही दिसायचं?"

मामांनी चष्मा काढून पुसला. "काळी छत्री. एक काडी मोडलेली."

"मग लवकर उठत का नव्हता?"

"साहेब बसलेले असायचे."

"चाळीस वर्षं झाली, एकदाही बोलला नाहीत!" मामी म्हणाल्या आणि पदराने खिडकीच्या चौकटीवरची धूळ पुसू लागल्या. पहारेकरी हात लावू नका म्हणून सांगायला येत होता. मी त्याला खुणेनेच थांबवले.